रानफूल नावाचा गैरसमज

मराठी ललितलेखनात 'रानफूल' हा शब्द आला की पुढे काय येणार हे बहुधा आधीच ठाऊक असते. ते फूल नाजूक असते, एकाकी असते, कोणाच्या नजरेस न पडता उमलते आणि दिवस मावळेपर्यंत कोमेजून जाते. त्याला नाव नसते. किंबहुना नाव नसणे हेच त्याचे मुख्य लक्षण मानले गेले आहे. प्राजक्त, बकुळ, चाफा, मोगरा ही फुले साहित्यात आपापल्या नावाने वावरतात. रानफूल मात्र 'एक रानफूल' एवढ्यावरच थांबते. पुढे ही उपमा माणसांनाही लावली जाते. गरीब घरची मुलगी, खेड्यातला गुणी पण उपेक्षित कलावंत, अकाली गेलेले मूल, सगळेच रानफूल. यात सहानुभूती असते हे मान्य. पण ती सहानुभूती त्या फुलाकडे न पाहता केलेली असते अशी माझी शंका आहे.

अपवाद अर्थातच आहेत. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) झाडाला आणि फुलाला नाव, रंग आणि महिना असतो. आमच्या विदर्भाच्या रानावर ज्यांनी आयुष्यभर लिहिले ते मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) तर नावांसाठी रानातल्या माणसांकडेच जात. पण हे दोघे सोडून नेहमीच्या ललित गद्याकडे वळले की रानफूल पुन्हा बिननावाचे होते. म्हणून एका ठरावीक रानफुलाविषयी, तेही एका ठरावीक जागी उगवणाऱ्या, लिहावे असे वाटले. जागा आहे नागपूरच्या पूर्वेकडची, कळमना. आणि फूल आहे विष्णुक्रांता.

कळमना म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे मोठे आवार येते. धान्याच्या राशी, मिरचीची पोती, हंगामात संत्र्यांचे ढीग, ट्रकांच्या रांगा, हमालांची लगबग. बाजूने हावड्याकडे जाणारा लोहमार्ग आहे आणि त्याच्या कडेने मुरमाड, खडबडीत अशा मोकळ्या पट्ट्या आहेत. त्यांवर कोणी काही लावत नाही. गुरे फिरतात, माणसे आडवाटेने जातात, कधी एखादी गाडी उभी राहते. उन्हाळ्यात तेथे पाहण्यासारखे काही नसते. श्रावणात मात्र सकाळी आठच्या सुमारास त्या पट्टीवर खाली वाकून पाहिले तर गवतात निळे ठिपके दिसतात. शाईचा थेंब पाण्यात पडून थोडा फिकट व्हावा तसा तो निळा रंग असतो. फूल जेमतेम ७ ते १० मिलिमीटर रुंदीचे, पाच पाकळ्या एकमेकींना जोडून झालेल्या चपट्या चाकासारखे, मधोमध पांढरट. देठ दोऱ्याइतका बारीक. फांद्या वीत-दीड वीत लांबीच्या, जमिनीलगत पसरलेल्या. पाने लहान, लांबट, आणि सबंध झाडावर रेशमासारखी पांढरी लव. हीच विष्णुक्रांता. वनस्पतिशास्त्रात तिला 'इव्हॉल्व्ह्युलस ॲल्सिनॉइडिस' म्हणतात.

पहिला गैरसमज क्षणभंगुरतेचा. विष्णुक्रांतेचे फूल सकाळी उघडते आणि दुपारच्या सुमारास मिटते. त्याचे आयुष्य अर्ध्या दिवसाचे. येथवर आपल्या उपमेला आधार आहे. पण फूल म्हणजे झाड नव्हे. जमिनीखाली तिचे एक लहानसे, लाकडासारखे टणक मूळखोड असते आणि ते वर्षानुवर्षे जगते. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या फांद्या वाळून जातात. पाहणाऱ्याला वाटते, संपले. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे येथे राहिलेल्याला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. हा तापमापकातला आकडा सावलीतला असतो. उघड्या मुरमाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्या मुरमाखाली हे मूळखोड पडून राहते आणि मृगाच्या सरी आल्या की त्यातूनच नवे कोंब फुटतात. बियांतून नव्याने उगवणाऱ्या वर्षायू तणांना दर पावसाळ्यात आयुष्याची सुरुवात करावी लागते. हिला फक्त थांबलेले काम पुढे चालवायचे असते.

थोडा विचार केला तर असे लक्षात येते की फुलाचे अल्पायुष्य आणि झाडाचे दीर्घायुष्य या परस्परविरुद्ध गोष्टी नाहीत. उघडे फूल पाणी गमावत असते. ते दिवसभर, आणि पुढे चार दिवस, टवटवीत ठेवायचे तर झाडाला त्यावर सतत खर्च करावा लागतो. ज्या झाडाला दगडमातीतून थेंबथेंब पाणी ओढावे लागते त्याने हा खर्च का करावा? लहान मधमाश्या फिरत असतात त्या सकाळच्या वेळात फूल उघडायचे, ऊन चढले की दुकान बंद, आणि उद्या दुसरे फूल. निळा रंग मधमाशीला चांगला दिसतो हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९१४ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. म्हणजे ज्याला आपण करुण म्हणतो ते कोमेजणे खरे पाहता काटकसर आहे. अंगावरची लवही तशीच: ती उन्हाचा काही भाग परतवते आणि पानालगतची हवा अडवून बाष्प कमी उडू देते. जमिनीला चिकटून वाढण्यालाही अर्थ आहे. गुरांच्या जिभेला इतके खाली काही लागत नाही, आणि खूर पडला तरी मोडण्याजोगे उभे खोडच नसते.

तिच्या घराण्याकडे पाहिले तर हे अधिकच लक्षात येते. विष्णुक्रांता ज्या कुळातली त्यात बहुतेक वेली आहेत. गारवेल याच कुळातली, रताळे याच कुळातले, आणि दुसऱ्या झाडाच्या रसावर जगणारी अमरवेलही याच कुळातली. या मंडळींचा स्वभाव आधार शोधण्याचा. कुळाला नाव देणाऱ्या 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ गुंडाळणे, वेढे घेणे. लिनियसने १७५३ मध्ये विष्णुक्रांतेला प्रथम याच प्रजातीत घातले होते. पुढे १७६२ मध्ये त्याने तिची वेगळी प्रजाती केली आणि नाव दिले 'इव्हॉल्व्ह्युलस', म्हणजे उलगडलेली, वेढे न घेणारी. वेलींच्या घरात जन्मून कोणाला न बिलगणारी, असे हे नाव. विदर्भात नाल्यांच्या कडेने माजणारे, फिकट जांभळ्या फुलांचे 'बेशरम' हेही याच कुळातले. ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आले. तोडून फेकलेली फांदीही रुजते, म्हणून हे नाव. कळमन्याच्या नाल्याकाठी बेशरम आणि काही पावलांवरच्या मुरमात विष्णुक्रांता, असे हे दोन भाऊबंद एकमेकांना न ओळखता राहतात. दोन्ही चिवट, पण चिवटपणाच्या तऱ्हा किती वेगळ्या! एकाचा जोर जागा बळकावण्यावर, दुसरीचा आहे ती जागा न सोडण्यावर.

दुसरा गैरसमज बिननावाचा. विष्णुक्रांतेला नाव नाही असे म्हणणे धाडसाचे आहे; तिची अडचण असलीच तर नावे फार झाल्याची आहे. गणेशचतुर्थीला वाहायच्या एकवीस पत्रींच्या यादीत विष्णुक्रांता आहे. केरळात दशपुष्पे म्हणून दहा रानवनस्पतींचा जो गट मानतात त्यातही ती 'विष्णुक्रांती' या नावाने आहे, आणि कर्कटक महिन्यात तेथील स्त्रिया ही दशपुष्पे केसांत माळतात. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात ती 'विष्णुक्लांदी' या रूपात आली आहे. म्हणजे लिनियसने बारसे करण्याच्या साठ-सत्तर वर्षे आधीच तिचे देशी नाव युरोपच्या छापखान्यात पोचले होते.

घोटाळा आहे तो 'शंखपुष्पी' या नावाचा. बुद्धी आणि स्मरणशक्ती वाढवणारी म्हणून आयुर्वेदात शंखपुष्पी प्रसिद्ध आहे आणि परीक्षेच्या दिवसांत तिच्या बाटल्या घरोघरी दिसतात. पण शंखपुष्पी कोणती यावर वैद्यांचे एकमत नाही. अधिकृत आयुर्वेदीय औषधिकोशाने फिकट फुलांच्या 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस'ला हा मान दिला आहे. केरळात गोकर्णीला शंखपुष्पी म्हणतात. आणि अनेक ठिकाणी आपली विष्णुक्रांताच शंखपुष्पी म्हणून वापरली जाते. पत्रीतली विष्णुक्रांता कोणती यावरही असेच वाद होतात आणि काही घरांत त्या नावाने गोकर्णीच वाहिली जाते. या वादात निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. मला रस आहे तो वाद आहे यातच. ज्या वनस्पतीवर तीन-चार परंपरा हक्क सांगतात तिला साहित्यात मात्र नावाचा पत्ता नसावा, ही गंमत आहे.

'विष्णुक्रांता' या शब्दाचाही विचार करण्यासारखा आहे. विष्णूने जिच्यावरून पाऊल टाकले ती, जी पायाखाली आली ती. मृत्तिकास्नानाच्या मंत्रात पृथ्वीलाच अश्वक्रांता, रथक्रांता आणि विष्णुक्रांता अशी विशेषणे लावलेली आहेत. घोडे, रथ आणि देव यांच्या पायांखालून गेलेली भूमी. हे विशेषण जमिनीवरून या फुलाकडे आले की दोघींना स्वतंत्रपणे मिळाले हे भाषाशास्त्र्यांनी पाहावे. पण ज्याने कोणी या झाडाला हे नाव दिले त्याने ते नीट पाहिले होते एवढे निश्चित. पायाखाली येणे हे तिचे दुर्दैव म्हणून नव्हे, तर राहण्याची रीत म्हणून त्याने टिपले आहे.

तसेच पाहणारी माणसे आजही आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी पत्री विकायला बसलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले होते, "आजी, ही विष्णुक्रांता कुठून आणता?" त्या हसून म्हणाल्या, "कायले दूर जा लागते भाऊ? पटरीच्या बाजूनं हाये न. पण ऊन चढ्याच्या आंधी जा लागते. ऊन चढलं का थे झोपते, मंग गवतात दिसतच नाही." मग जुडी बांधताबांधता आपणहून म्हणाल्या, "अन् सगळं उपटून नाही आणत मी. वरतून खुडायचं. नाही तर पुढच्या साली कोठून आणू?" बहुवर्षायू वनस्पती म्हणजे काय याची व्याख्या मी पुस्तकांत वाचली आहे, पण ती वापरायची कशी हे या शेवटच्या वाक्यात आहे.

आता 'देशी' या विशेषणाविषयी. कळमन्याच्या आवारात जे विकले जाते त्यातले मूळचे येथले किती, असा प्रश्न विचारून पाहावा. मिरची, बटाटा, टोमॅटो हे तिन्ही अमेरिकेतून आले, तेही गेल्या पाचएकशे वर्षांत. सोयाबीन चीनकडचे, आणि विदर्भाच्या शेतांत तर त्याचा पसारा कालपरवाचा. ज्या संत्र्याने नागपूरला ओळख दिली आणि २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळवले, ते रघुजीराजे भोसल्यांनी अठराव्या शतकात तेव्हाच्या औरंगाबादहून आणवले असे सांगतात. हे सारे आता इतके आपले झाले आहे की त्याला परके म्हणणे हास्यास्पद ठरेल. या सगळ्या पाहुण्यांना भाव आहे, तोल आहे, लिलाव आहे. आणि कुंपणाबाहेर ज्याला भाव नाही ते निळे फूल तेवढे अस्सल येथले, असे वाक्य लिहिण्याचा मोह होतो.

पण तो आवरावा लागतो. कारण विष्णुक्रांतेच्या प्रजातीत सुमारे शंभर जाती आहेत आणि त्या जवळजवळ सर्व अमेरिकेच्या आहेत. जुन्या जगात, म्हणजे आशिया-आफ्रिकेत, आपसूक पसरलेली जात ही एवढीच. वनस्पतिशास्त्र तिला दोन्ही जगांत मूळचीच मानते. म्हणजे मिरची जहाजातून आली, पण हिला कोणी आणले नाही. ती आमच्या स्मरणाच्या आणि बहुधा आमच्याही आधीपासून येथे आहे, आणि तरी तिचे सगळे गोत समुद्रापार आहे. मग देशी म्हणजे काय? मला वाटते, जन्मदाखला हे त्याचे उत्तर नव्हे. येथल्या उन्हाळ्याशी, मुरमाशी, खुरांशी, सकाळच्या माश्यांशी आणि पत्री खुडणाऱ्या हातांशी जिचा हिशेब दीर्घकाळात जुळून गेला आहे ती देशी. देशीपण हा वंशाचा नव्हे, सहवासाचा गुण आहे. छत्तीसगड, बालाघाट, उत्तर प्रदेश येथून येऊन ज्यांच्या दोन-तीन पिढ्या कळमन्यात गेल्या त्यांना 'तुम्ही मूळचे कुठले' असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

येथवर विष्णुक्रांतेचे गुणगान झाले. पण ते येथेच थांबवले तर एका गैरसमजाच्या जागी दुसरा ठेवल्यासारखे होईल. नाजूक, बिचारे रानफूल ही जशी सोय आहे तशीच चिवट, कशालाही पुरून उरणारे रानफूल हीदेखील सोयच आहे. 'त्याला काय होतंय, ते कुठेही येतं' असे एकदा म्हटले की त्याच्याकडे पाहण्याची जबाबदारी संपते. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाविषयीही आपण हेच म्हणतो: काटक असतात, सवय असते त्यांना. ही स्तुती ऐकायला बरी वाटते, पण तिच्या आड आपण मोकळे होतो.

चिवटपणा हा निरपेक्ष गुण नसतो. चिवट कशापुढे, हे विचारावे लागते. विष्णुक्रांता उन्हापुढे चिवट आहे, दुष्काळापुढे, चराईपुढे, खुरांपुढे आहे. कारण या गोष्टींना तोंड देतच ती घडली. सिमेंटपुढे ती चिवट नाही. नागपुरात गेल्या दशकात सिमेंटचे रस्ते मोठ्या प्रमाणावर झाले, आणि रस्त्याच्या कडेची उरलेली मातीही ठोकळे बसवून बंद करण्याची पद्धत पडली. ज्या पट्टीवर मी हे फूल अनेक पावसाळे पाहत आलो तिचा निम्मा भाग आता अशा ठोकळ्यांखाली आहे. मूळखोड कितीही वाट पाहू शकले तरी त्याला वर यायला जागा लागते. बेशरमला ही अडचण नाही, ते पलीकडे कोठेतरी फांदीने रुजेल. कंबरमोडीलाही नाही, तिच्या बीजाला पिसे असतात, ते वाऱ्यावर उडून जाते. कंबरमोडीही मूळची अमेरिकेचीच. विष्णुक्रांतेची गोल बोंडे लहान असतात, त्यात चारेक बिया. त्यांना ना पंख ना केस, त्या बहुधा झाडाखालीच पडतात. जागा न सोडणे हे जिचे बळ तिच्या बाबतीत जागाच गेली की बळाचा उपयोग राहत नाही.

अतिशयोक्ती करायची नाही. ही वनस्पती दुर्मीळ नाही. भारतभर आणि भारताबाहेरही ती आहे, आणि तिच्या नामशेष होण्याची भीती घालण्याचे कारण नाही. जाते ती फक्त एक पट्टी. पण पट्टीबरोबर आणखी काही जाते. ऊन चढण्याआधी जावे लागते हे माहीत असणे, वरून खुडावे हे माहीत असणे, पत्रीच्या यादीतला शब्द पायाखालच्या वस्तूशी जोडता येणे. यादी पाठ असेल, पण वस्तू दाखवता येणार नाही. आणि मग रोपवाटिकेतून तिची ब्राझीलकडची एक बहीण कुंडीत येईल; ती मोठ्या निळ्या फुलांची आणि दिसायला अधिक देखणी आहे, आताच काही ठिकाणी विष्णुक्रांता म्हणूनही विकली जाते. तिचा दोष काही नाही. कदाचित दोनशे वर्षांनी तीही येथली होईल.

साहित्याने काय करावे हे सांगण्याचा माझा हेतू नाही. पण एक साधी अपेक्षा ठेवता येईल. रानफुलाची उपमा वापरण्याआधी लेखकाने विचारावे: कोणते फूल? ते सकाळी उमलते की रात्री? त्याचे मूळ एका वर्षाचे की अनेक वर्षांचे? ते कशापुढे टिकते आणि कशापुढे नाही? एवढे प्रश्न विचारले की बहुतेक उपमा आपोआप गळून पडतील, आणि ज्या उरतील त्या खऱ्या असतील. उपेक्षित माणसाविषयी लिहितानाही हेच चार प्रश्न उपयोगी पडतात असे मला वाटते. त्याचे नाव काय, त्याचा दिवस कधी सुरू होतो, तो येथे किती काळचा, आणि कोणती गोष्ट त्याला सोसता येत नाही. बिचारे म्हणूनही आणि काटक म्हणूनही, आपण हा शेवटचा प्रश्न टाळतच आलो आहोत.